देशमुख : एका हुद्द्याचे आडनाव



वसंत व्याख्यानमालेत कामगार संघटनेच्या कार्यकर्त्याला बोलावले की तो बोनस, महागाईभत्ता आणि किमान वेतन यांवर बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. ती चुकीची आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु आज आम्ही विषय घेतला आहे तो आडनावाचा, आणि तोही एकाच आडनावाचा. एखाद्या पंडिताने हा विषय मांडला असता तर आधारांची रेलचेल झाली असती. आमचा अभ्यास संघटनेच्या कचेरीत, दिवसाचे काम आटोपल्यावर, मागून आणलेल्या पुस्तकांवर झालेला. तेव्हा जेवढे वाचले आणि पटले तेवढेच सांगू.

विषय सुचला तो असा. काही वर्षांपूर्वी भविष्य निर्वाह निधीचे अर्ज भरून घेण्यासाठी आम्ही एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्याच्या फाटकाशी टेबल टाकून बसलो होतो. ओळीने तिघे आले आणि तिघांनीही आडनाव सांगितले, ‘देशमुख’. पहिला कुणबी, दुसरा ब्राह्मण, तिसरा मुसलमान. रांगेतून कोणी तरी विचारले, “काहो भाऊ, हे तिघं एकाच घरचे काय?” हशा पिकला. हशा ओसरला तेव्हा मागे उभा असलेला एक तरुण हमाल म्हणाला, “यायच्या आडनावाले इतिहास असन. आमच्या आडनावाले काय हाय?” त्या दिवशी आम्हांला दोन्ही प्रश्नांचे उत्तर देता आले नाही. एक प्रश्न थट्टेचा होता, दुसरा थट्टेचा नव्हता. आज दोहोंचे उत्तर द्यावयाचे आहे.

पहिली गोष्ट ध्यानात घ्यावयाची ती ही की, आडनाव ही काही सनातन वस्तू नव्हे. आपले वाशिम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. येथेच १९३९ साली दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट सापडला. राजाने आपल्या राज्याच्या ३७ व्या वर्षी अथर्ववेदी ब्राह्मणांना एक गाव दान दिल्याचा तो लेख आहे. त्याचा काही भाग संस्कृत तर काही प्राकृत. दान घेणाऱ्यांची नावे त्यात आहेत, त्यांची गोत्रे आहेत. आडनाव मात्र एकाचेही नाही. सोळाशे वर्षांपूर्वी या गावी मोठ्यातला मोठा दस्तऐवज आडनावावाचून पुरा होत असे.

पुढेही दीर्घकाळ माणसाची ओळख त्याचे स्वतःचे नाव, बापाचे नाव, जात आणि गाव एवढ्यावर भागत असे. गाव लहान, माणसे ओळखीची. दुसऱ्या ओळखीची गरजच कोणाला होती? आडनाव चिकटले ते चार वाटांनी. कोणाला गावावरून, कोणाला कामावरून, कोणाला अंगच्या एखाद्या खुणेवरून किंवा प्रसंगावरून, आणि कोणाला हुद्द्यावरून. ‘देशमुख’ हे या चौथ्या वाटेने आलेले आडनाव होय.

‘देश’ या शब्दाने आज आपल्या डोळ्यांपुढे अखंड भारत उभा राहतो. देशमुखातला देश मात्र एवढा मोठा नव्हे. काही गावे मिळून परगणा होई, आणि त्या परगण्यालाच येथे देश म्हणत. त्याचा मुख्य तो देशमुख. गावाला पाटील, तसा परगण्याला देशमुख. गावाचा हिशेब कुळकर्ण्याकडे, तसा परगण्याचा हिशेब देशपांड्याकडे. सारा गोळा करून सरकारात भरावा, परगण्यात बंदोबस्त ठेवावा, ओसाड जमीन लागवडीस आणावी, आणि त्याबद्दल वसुलातला ठराविक हिस्सा, इनाम जमीन व मानपान घ्यावा, असा हा व्यवहार होता.

या गोष्टीला आपल्या वऱ्हाडचाच एक जुना साक्षीदार आहे. १५९६ साली वऱ्हाड अकबराच्या ताब्यात गेला. अबुल फजल याने ‘ऐन-इ-अकबरी’त बादशहाच्या मुलुखाची मोजदाद लिहिली, तीत वऱ्हाड सुभ्याचे सोळा सरकार सांगितले आहेत आणि त्यांत वाशिम हा एक सरकार आहे. तेथे तो आपल्या उत्तरेकडील वाचकांना समजावून सांगतो की, ज्याला तुम्ही चौधरी म्हणता त्याला या मुलुखात देशमुख म्हणतात; तुमचा कानुनगो तो येथला देशपांड्या, तुमचा मुकद्दम तो येथला पाटील आणि तुमचा पटवारी तो येथला कुळकर्णी. चारशे वर्षांहून जुनी ही नोंद वाचताना आम्हांला मौज वाटली ती याची की, ज्या शब्दांचा अर्थ तो हुद्दे म्हणून सांगतो आहे, ते आठही शब्द आज हिंदुस्थानात कोणा ना कोणाचे आडनाव होऊन बसले आहेत.

आता हुद्द्याचे आडनाव कसे झाले? आजचा तहसीलदार निवृत्त झाला की त्याचा मुलगा तहसीलदार होत नाही. देशमुखी ही नोकरी नव्हती, वतन होते. ते बापाकडून मुलाकडे जाई, भावाभावांत वाटले जाई, प्रसंगी गहाण पडे आणि विकलेही जाई. त्याचा तंटा पडला तर गोतसभा भरे आणि तिचा निर्णय महजरात लिहून निघे. कागदावर नाव यावयाचे ते ‘अमुक देशमुख, परगणे अमुक’ असे. पिढ्यान्‌पिढ्या कागद असाच लिहिला गेला म्हणजे मूळ कुळाचे नाव मागे पडते आणि हुद्दाच नाव होतो.

याचे दाखले घरचेच आहेत. लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख यांच्या घराण्याचे मूळ आडनाव सिधये. देशमुखीचे वतन होते म्हणून घराणे देशमुख झाले. अमरावती जिल्ह्यात पापळ येथे १८९८ साली जन्मलेले, पुढे देशाचे कृषिमंत्री झालेले डॉ. पंजाबराव देशमुख यांचे मूळ आडनाव कदम. आणि आपल्या शेजारी, पुसदजवळच्या गहुली तांड्यात १९१३ साली जन्मलेले वसंतराव नाईक घ्या. कुळ राठोड, पण तांड्याचा मुख्य तो नाईक, म्हणून घराणे नाईक झाले. परगणा असो की तांडा, रीत एकच.

उलट, सगळे देशमुख नावाने देशमुख झाले असेही नव्हे. मावळातले कान्होजी जेधे देशमुखीचे वतनदार, पण जेधे ते जेधेच राहिले. सिंदखेडची देशमुखी लखुजी जाधवांकडे होती, तरी जिजाबाईंचे माहेर जाधवांचेच म्हणवले जाते. ज्या घराण्याच्या कुळाला स्वतःचाच दबदबा होता, त्याला हुद्द्याच्या नावाची गरज पडली नसावी, असा आमचा तर्क आहे. ज्यांचे मोठेपण वतनाबरोबर आले, त्यांनी वतनाचेच नाव घट्ट धरले.

ही रीत केवळ आपलीच आहे काय? नाही. कामगार चळवळीचे जुने वाङ्‌मय वाचताना इटलीतील शेतमजुरांचे पुढारी जुझेप्पे दि व्हित्तोरियो यांचे नाव आम्हांला प्रथम भेटले. ‘दि व्हित्तोरियो’ म्हणजे व्हित्तोरियोचा, त्याच्या वंशातला. मग इटालियन आडनावांचा नादच लागला, आणि आढळले की त्यांच्या वाटाही आपल्याच आहेत. तेथे फेरारी हे अत्यंत प्रचलित आडनाव आहे. आपण ते शर्यतीच्या मोटारीचे म्हणून ऐकतो, पण त्याचा अर्थ लोहार. एस्पोझितो हे नेपल्सकडचे आडनाव. जन्मतः टाकून दिलेल्या, अनाथाश्रमाच्या दारी ठेवलेल्या मुलांना ते मिळे. आणि मिलान शहरावर १२७७ पासून १४४७ पर्यंत ज्या घराण्याची सत्ता राहिली त्याचे नाव व्हिस्कोंती. हा मूळचा हुद्दाच, काउंटचा प्रतिनिधी. हुद्दा वंशपरंपरेचा झाला आणि घराण्याचे नाव बनला. मिलानचे व्हिस्कोंती म्हणजे तिकडचे देशमुखच म्हणावयाचे. स्कॉटलंडचे राजघराणे स्टुअर्ट. तेही मूळचे राजवाड्याचे कारभारी, आणि कारभाऱ्याला त्यांच्या भाषेत जो शब्द तेच आडनाव. १५६३ साली ट्रेंटच्या धर्मसभेने लग्ने व बाप्तिस्मे वहीत लिहून ठेवण्याचा नियम केला आणि तेथील आडनावे पक्की होण्यास त्याने मोठा हातभार लागला. माणूस वहीत गेला की आडनाव गोठते. आपल्याकडे ही वही फार उशिरा आली, म्हणून आपली आडनावे परवापरवापर्यंत वितळलेली होती.

आता त्या थट्टेच्या प्रश्नाकडे वळू. तिघे देशमुख तीन जातींचे कसे? उत्तर आता सोपे आहे. हुद्द्याला जात नसते. हुद्दा ज्याच्या हाती पडला त्याची जात त्याला लागते. सतराव्या शतकात माहूरची देशमुखी उदारामाच्या घराण्याकडे होती. ते ब्राह्मण. त्याच घराण्यातील सावित्रीबाईने मोगलांच्या बाजूने फौज चालवली, ‘रायबागन’ हा किताब मिळवला, आणि १६६१ साली उंबरखिंडीत कारतलबखानाबरोबर तीही शिवाजी महाराजांच्या कोंडीत सापडली होती. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख हे चांद्रसेनीय कायस्थ प्रभू. नानाजी देशमुख आपल्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातील कडोळीचे, ब्राह्मण. विलासराव देशमुख लातूरजवळच्या बाभळगावचे, मराठा. आणि वऱ्हाड-मराठवाड्यात मुसलमान देशमुखांची घरे आहेत, ती काही आज झालेली नाहीत. सुलतान असो, बादशहा असो की निजाम, सत्तेला सारा हवा होता, आणि तो वसूल करून देणारा कोणत्या देवापुढे हात जोडतो हे तिने फारसे पाहिले नाही. म्हणून आमच्या टेबलापुढचे तिघे एका घरचे नव्हते. त्यांचे पूर्वज एकाच खात्यातले होते.

हे आडनाव कोठे दाट आणि कोठे विरळ, हेही त्यामुळे उलगडते. वऱ्हाडचे पाच जिल्हे, मराठवाडा, खानदेश, पुण्याकडील मावळे, कुलाब्याचा काही भाग आणि तेलंगण, एवढ्या मुलुखात ते पसरले आहे. दक्षिण कोकण, गोवा, कोल्हापूर, बेळगावकडे गेलो की देशमुख विरळ होतात आणि देसाई दाट होतात. कारण तेथे त्याच हुद्द्याला देसाई हे नाव चालले. गुजरातेतही तेच, मोरारजी देसाई अनाविल ब्राह्मण, आणि त्या जातीत देसाई हे सारावसुलीचे जुने नाव. म्हणजे देशमुख आणि देसाई यांच्यामधली रेघ ही जातीची नव्हे, जुन्या राज्यांच्या दप्तराची आहे. आपल्या खानेसुमारीत आडनावांचा तक्ता छापत नाहीत. २०११ साली वाशिम जिल्ह्याची लोकसंख्या ११ लाख ९७ हजार भरली. तीत किती देशमुख हे त्या तक्त्यांतून निघत नाही. परंतु कोणी मतदारयाद्या घेऊन वाशिमपासून सावंतवाडीपर्यंत प्रवास केला, तर ही रेघ त्याला वाटेत लागेल.

एक शंका मात्र उरते. एका परगण्याला देशमुख एक, फार तर दोन घरे. मग आज गावेच्या गावे देशमुखांची कशी? याचे एक कारण वाटणी. वतन थोरल्याचे, वडीलकीचा मान त्याचा, पण हिस्सा सर्व भाऊबंदांना आणि नावही सर्वांना. एका घरात दर पिढीला दोन मुलगे जगून संसाराला लागले तर दहाव्या पिढीला हजारावर घरे होतात. हे नुसते पाढ्याचे गणित झाले, कारण प्रत्यक्षात सर्व घरांची मुले अशी जगत नसत. येथेच दुसरे कारण येते आणि ते आम्हांला अधिक महत्त्वाचे वाटते. १६३० चा दख्खनचा दुष्काळ घ्या किंवा १८९९-१९०० चा छप्पनचा दुष्काळ घ्या. ज्याच्या वाड्यात ज्वारीचे पेव भरलेले होते त्याची लेकरे तगली. ज्याला रोजच्या मजुरीवर रोजची भाकर मिळवावी लागे त्याची गेली किंवा परागंदा झाली. आडनावांची गणना करताना आपण जन्म मोजतो, पण आडनाव वाढते ते जगलेल्यांच्या बळावर. एखादे नाव मुलुखात दाट दिसले तर त्या घराण्यांच्या पेवात पूर्वी धान्य होते असे समजावे, एवढे तरी म्हणावयास हरकत नाही.

आता, आम्ही कामगार चळवळीतले; त्यामुळे देशमुखीचा दुसरा पदर झाकून ठेवणे आम्हांला शोभणार नाही. वतनदार हे राज्याचे चाकर असूनही राज्याचे दायाद असल्यासारखे वागतात, हा इशारा रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आहे. सभासदाच्या बखरीत नोंद आहे की शिवाजी महाराजांनी वतनदारांचे कोट-वाडे पाडले, त्यांचे हक्क ठरवून दिले आणि रयतेशी परस्पर वसुलीचा संबंध ठेवू दिला नाही. निजामाच्या तेलंगणात असा हात आवरणारा कोणी राहिला नाही. तेथे विसनूरच्या देशमुखासारखे जमीनदार रयतेकडून वेठ घेत. ४ जुलै १९४६ रोजी कडवेंडी येथे दोड्डी कोमरय्या गोळीला बळी पडला आणि १९५१ पर्यंत चाललेला शेतकऱ्यांचा सशस्त्र लढा पेटला. ते देशमुख रेड्डी होते. नाव आपल्या ओळखीचे, जात निराळी, आणि कुळाच्या पाठीवरचा वळ सगळीकडे सारखा.

आपल्या वऱ्हाडात गोष्टी संथपणे घडल्या. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. इंग्रजांनी रयतवारी पाहणी केली, १८६७ साली खानेसुमारी घेतली, शेतकऱ्याचा हिशेब थेट सरकारशी जोडला. गावचा पाटील-पटवारी त्यांनी ठेवला; परगण्याच्या देशमुखाला मात्र काम उरले नाही. पुढे स्वराज्य आल्यावर कायद्यांनी उरलेसुरले पुसून टाकले. मुंबई राज्यात १९५० साली परगणा व कुळकर्णी वतने नष्ट करण्याचा कायदा झाला. तेव्हा मध्यप्रदेशात असलेल्या वऱ्हाडातही त्याच वर्षीच्या कायद्याने इनामी जमिनींचे विशेष हक्क गेले. १९६२ च्या कायद्याने वंशपरंपरेचा मुलकी पाटील गेला. काम आधी गेले, हक्क नंतर गेला, नाव राहिले. सुंभ जळला तरी पीळ राहतो म्हणतात, तसे झाले. सोयरीक जुळवताना ‘देशमुखांचे घर’ हे शब्द आजही दोन्ही पक्षांच्या कानांना निराळे लागतात. वऱ्हाडात देशमुख म्हणजे जणू वेगळी जातच, असा एक सोयरिकीचा गट बनून गेला. हुद्द्यातून नाव झाले आणि नावातून जात होऊ लागली. ज्या कागदावर हा सारा डोलारा उभा राहिला तो सारावसुलीचा कागद होता, हे मात्र वाड्यातली म्हातारी माणसेही विसरली. त्याच आडनावाचा एक वारस आज जिनिंगमध्ये रोजंदारीवर गाठी उचलतो, हेही आम्ही पाहतो. त्याच्या रोजात आडनावामुळे एक पैसा वाढलेला नाही.

आता हशानंतरच्या प्रश्नाचे उत्तर. वतन केवळ देशमुखाचेच होते काय? महाराचेही वतन होतेच. तेही वंशपरंपरेचे. गावची राखण, सांगावे पोहोचवणे, सरकारी माणसाची वर्दी देणे, मेलेली जनावरे ओढणे, अहोरात्र हाकेला ‘ओ’ देणे हे त्याचे काम. त्या वतनातून सुटका व्हावी म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात विधेयक आणले. प्रत्यक्ष कायदा व्हावयास १९५८ साल उजाडले. दोन्ही वतने, दोन्ही पिढीजात. एका वतनाचे नाव लोकांनी मिरवले, दुसऱ्याचे नाव संधी मिळताच टाकून दिले. वेशीवरची राखण करणाऱ्याचे ‘येसकर’ हे आडनाव कोठे कोठे आढळते, पण ते सांगून कोणाची सोयरीक वरच्या घरी झाल्याचे आमच्या ऐकिवात नाही. तेव्हा हुद्द्याचे नाव मोठे होते ते कामामुळे नव्हे, सत्तेच्या जवळिकीमुळे.

जुन्या महजरांवर वतनदारांची नावे अक्षरांत असतात. ज्यांना अक्षर येत नसे त्यांची निशाणी असे. कुणब्याचा नांगर, न्हाव्याचा आरसा. माणसाने आपले हत्यारच सही म्हणून काढावयाचे. त्या खुणा आम्हांला एखाद्या शिक्क्याहून मोलाच्या वाटतात, कारण हे गाव कोणाच्या हातांनी चालत होते त्याची ती हजेरीच आहे. आणि पाहा, ज्या ‘मुकद्दम’ शब्दाचा अर्थ अबुल फजल गावचा मुख्य असा सांगतो, तो शब्द आज ‘मुकादम’ होऊन ऊसतोड्यांच्या टोळीवर उभा आहे. मराठवाड्यातून आणि आपल्या भागातल्या तांड्यांवरून नवरा-बायको ऊस तोडायला जातात, तेव्हा दोघांना मिळून हिशेबात ‘एक कोयता’ धरतात. उचल नवऱ्याच्या नावावर. बाईचे आडनाव तर राहोच, तिचे नावही कागदावर येत नाही. जुन्या काळी निशाणी तरी ज्याची त्याला होती. येथे दोघांत एकच हत्यार आणि तेच नाव.

मग त्या हमालाच्या आडनावाला काय आहे? त्याचे आडनाव ‘कर’ने शेवट होणारे, गावावरून पडलेले. या जातीच्या आडनावाचा एक नियम आहे. गावाचे नाव माणसाला त्या गावात राहून कधी चिकटत नाही, कारण तेथे सगळेच त्या गावचे. ते चिकटते गाव सोडल्यावर. डॉ. आंबेडकरांच्या कुळाचे नाव सकपाळ, मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे. जन्म महूच्या छावणीत. आणि ७ नोव्हेंबर १९०० रोजी नाव दाखल झाले ते साताऱ्याच्या शाळेत, ‘भिवा रामजी आंबेडकर’ असे. ज्या गावी ते वाढले नाहीत त्याचे नाव त्यांनी जगभर नेले. वऱ्हाडचे गाडगेमहाराज १८७६ साली शेंडगावी जन्मले, त्यांचे आडनाव जानोरकर. हे आडनावच सांगते की घराणे केव्हा तरी दुसऱ्या गावाहून आलेले आहे. लोकांनी मात्र त्यांना त्यांच्या हातातल्या मडक्यावरून ओळखले, आणि ते नाव कोणत्याही देशमुखीहून मोठे झाले.

तेव्हा त्या तरुणाला आम्ही पुढे भेटलो तेव्हा म्हणालो, “बाबू, तुझ्या आडनावात एक गाव आहे आणि ते गाव सोडल्याची हकीकत आहे. कोणी सोडले, कोणत्या साली, दुष्काळाने की सावकाराने, हे तुझ्या आजीला विचार.” त्याने विचारले. आजीला वर्ष सांगता आले नाही, पण गाव, तेथली विहीर आणि ज्या बैलजोडीवर घर निघाले तिचे रंग तिने सांगितले. तो आम्हांला ते सांगत होता तेव्हा रांगेत हसणारे कोणी नव्हते.

श्रोतेहो, आपणही हे करून पाहावे. तहसीलच्या दप्तरखान्यांत जुनी कोतवालबुके आहेत, जन्ममृत्यूच्या नोंदींची. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि ही बुके पुन्हा उघडली गेली. ज्यांनी ती चाळली त्यांना दिसले असेल की पुष्कळ ठिकाणी आजोबाचे नाव आहे, जात आहे, गाव आहे, आणि आडनावाची जागा कोरी आहे. ज्या आडनावासाठी आपण सोयरिकी मोडतो, भाड्याचे घर नाकारतो, मतांची बेरीज करतो, ते आपल्या पणजोबाला कित्येकदा नव्हतेही.

नाव लिहिण्याची रीत आजही बदलते आहे. महाराष्ट्र सरकारच्या निर्णयाने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांचे नाव सरकारी कागदावर आधी स्वतःचे, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव अशा क्रमाने लिहावयाचे आहे. ज्या बाईला कोयत्याच्या हिशेबात नाव नाही, तिचे नाव तिच्या लेकराच्या दाखल्यावर तरी येईल. आम्ही हल्ली अर्ज भरावयास बसलो की आडनावाचा रकाना शेवटी भरतो. आधी विचारतो, “तुझं नाव काय, आईचं काय, आणि काम काय करतोस?”